बागबाजारच्या घाटावर प्रवाळ शोधताना

खोल समुद्रातली प्रवाळं शोधायला आमच्या खात्याने बागबाजारचा घाट निवडला. नियमच तसा होता. नवं यंत्र बाहेरगावी नेण्याआधी त्याची चाचणी मुख्यालयाच्या गावात, समितीसमोर व्हायला हवी. गाव कलकत्ता, म्हणजे पाणी हुगळीचं. त्यात घातलेला हात मनगटापर्यंत दिसला तरी नशीब समजायचं.

यंत्र आमच्या सरांनी बनवलं होतं, मी त्यांचा मदतनीस. लोखंडी पेटी, काचेमागे कॅमेरा नि दिवा, दोन्ही बाजूंना छोटे पंखे. केबलने पाण्यात सोडायची आणि वर बोटीत बसून बटणांनी वळवायची. सरांनी तीस वर्षं प्रवाळांचा अभ्यास केला, पण सगळी बरणीतली, नाहीतर जाळ्यात मोडून आलेली. खोल पाण्यातलं जिवंत प्रवाळ एकदा, निदान फोटोत तरी, बघायचं एवढीच त्यांची हौस. पुढच्या महिन्यात खात्याची बोट अंदमानला निघणार होती. सरांच्या निवृत्तीआधीची ती शेवटची फेरी.

समितीचे अध्यक्ष नुकतेच जंगल खात्यातून आलेले. पाण्याशी त्यांचा संबंध आंघोळीपुरता. पेटी चार वेळा बुडवली, वर काढली, सगळ्यांनी गंभीर चेहरे केले. दुसऱ्या दिवशी एस्प्लनेडच्या कचेरीत फोटो मांडले. सगळ्यांत नुसतं गढूळ पाणी, दुधाच्या चहासारखं, कुठे कडक, कुठे फिकं. अध्यक्षांनी एकेक फोटो उलटसुलट करून पाहिला.

"यात प्रवाळ कुठे आहे?"

"साहेब, नदीत प्रवाळ नसतं," मी म्हणालो.

"मग नदीत शोधलंत कशाला?"

मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. दुसऱ्या एका सदस्यांनी नदीच्या खालच्या अंगाला, बजबजला जाऊन बघावं असं सुचवलं, तिथून समुद्र जवळ पडतो म्हणून. तिथेही हाच चिखल, वर तेलाचा तवंग. पण विद्वानांना कोण सांगणार?

अहवाल तयारच होता: प्रवाळ आढळले नाही, यंत्र अयोग्य. सह्या सरांच्या आणि माझ्या हव्या होत्या. मी साफ नकार दिला. अध्यक्षांनी अगदी मायेने विचारलं, "तुमची नोकरी अजून कायम व्हायचीय ना?"

सरांनी पेन उचललं, आपली सही केली आणि पेन माझ्या हातात दिलं. "कर रे. यंत्राविना मी जाऊन काय बघणार? निदान तू तरी बोटीवर जा."

मी सही केली. त्याची लाज मला आजही वाटते.

पेटी गोदामात गेली, मी अंदमानला गेलो. जाळं टाकलं, मोडकी प्रवाळं बरण्यांत भरून आणली, रिवाजाप्रमाणे. परतल्यावर सरांनी बरण्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. मला समोर बसवून विचारलं, "खाली कसं दिसतं?"

मी डेकवरून फक्त पाणी पाहिलं होतं. तरी सांगत सुटलो. फांद्या केवढ्या, रंग कसले, मासे कसे आतबाहेर करत होते. सर डोळे मिटून ऐकत होते. यातलं मला काहीही दिसलेलं नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मी अडखळून थांबलो.

"अजून सांग," ते म्हणाले.