जेवणानंतरची गोळी

डॉक्टरने आईची पिशवी टेबलावर उपडी केली. गोळ्यांची पाकिटं घसरत कडेपर्यंत गेली. बहुतेक भरलेलीच.

"हे बघा," दाराशी रांगेत उभ्या असलेल्यांना तो म्हणाला. "फुकट मिळतं ना, म्हणून किंमत नाही. या अज्जीला मरायची हौस, आणि वाया जातं आमचं औषध."

लोक हसले. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. मी म्हणालो, "सांगितलेलं ऐकतच नाही, डॉक्टर." सगळ्यांसमोर म्हणालो. मी त्याच्या बाजूने उभा राहिलो. आईच्या नाही.

हा डॉक्टर आम्हाला परका नव्हता. दुर्गदबैलच्या बाजारात त्याच्या वडिलांचं धान्याचं दुकान. आईने तिथे उभी हयात धान्य निवडलं. तिने खडे वेचले म्हणून या माणसाच्या दाताखाली कधी खडा आला नाही. दुकानाची रीत होती, संध्याकाळी फरशीवर सांडलेलं धान्य निवडणाऱ्या बायकांनी न्यायचं. त्याला झाडण म्हणायचे. त्या झाडणीतली माती पाखडून आईने मला भाकरी घातली. पुढे तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि दुकानात मशीन आलं. निवडणाऱ्या बायका गेल्या. झाडण गेली.

"अक्का, तू घरचीच. तुझा महिन्याचा जोंधळा चुकणार नाही," मालक सगळ्यांदेखत म्हणाले होते. मी ते ऐकलं आणि निर्धास्त झालो.

मी गोकुळ रोडला कारखान्यात लेथवर कामाला. बायकामुलांसह तिकडेच खोली घेतलेली. आई बाजारामागच्या जुन्या खोलीत एकटी राहायची. तिकडे करमत नाही म्हणायची. रविवारी मी भेटायला जायचो. आमच्या कानडी गावात माणूस भेटला की पहिला प्रश्न हाच, "ऊट आतेन्री?" जेवण झालं का. उत्तरही ठरलेलं, "आत्री," म्हणजे झालं. मीही दारातूनच विचारायचो, "जेवलीस?"

"झालं की," ती म्हणायची.

मी बसायचो, माझ्या कामाचं रडगाणं सांगायचो, उठायचो. तिच्या पिठाच्या डब्याचं झाकण मी कधी उघडलं नाही.

त्या दिवशी दवाखान्याबाहेरच्या बाकावर मी तिला बोल लावत होतो. ती पाकिटं एकेक करून पिशवीत भरत होती. मग म्हणाली, "रागावू नको, अप्पा. जेवल्यावर घे म्हणाले होते ना ते? मग जेवणच झालं नाही तर ती गोळी कधी घ्यायची?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"दुकानातला जोंधळा?"

"सुरुवातीला दिला. मग गडी म्हणायला लागला, मालक नाहीत, नंतर या. नंतर नंतर म्हणून किती हेलपाटे घालायचे? बाजारातल्या बायका बघतात रे."

"मला का नाही सांगितलंस?"

"झालं म्हटलं की तुझा जीव हलका व्हायचा."

मी रांग मोडून आत गेलो. आई मागे. मी काही बोलायच्या आत डॉक्टरने एक बाटली पुढे सरकवली. "अशक्तपणा आहे. भूक लागायचं औषध देतोय. दोन चमचे."

"भूक लागते तिला. जेवण नाही."

"मग ते मला कशाला सांगताय? इथे औषध मिळतं."

"तुमच्या दुकानाने जोंधळा देतो म्हणून सांगितलं आणि दिला नाही. ती उपाशी आहे. तुम्ही तिची नाडी बघितली, डोळे बघितले. पोटात काय आहे, ते नाही विचारलं."

त्याचा चेहरा उतरला नाही. "अक्का आमच्या घरचीच आहे," तो म्हणाला. बापाचंच वाक्य.

"मग घरचं माणूस जेवलं का, हे घरात कोणी विचारलं?"

"धाकट्या मालकांना असं बोलू नये रे," आईने माझी बाही ओढली. जन्मात पहिल्यांदा मी तिचा हात सोडवला. बाटली उचलली, त्याच्यासमोर ठेवली. "ही तुमच्याकडेच राहू द्या. हिची भूक धडधाकट आहे."

त्याने पुढच्या माणसाला हाक मारली.

आई आता आमच्याकडे असते. ताटातली अर्धी भाकरी अजून पदरात लपवते. मी पाहतो. त्या भाकरीकडे पाहून जे वाटतं, त्याला माफी नाही. मी मागतही नाही.

पण वस्तीतलं कुठलंही म्हातारं माणूस दवाखान्यात निघालं की मी सोबत जातो. कामावर खाडा पडला तर पडू दे. डॉक्टर नाडी धरतो. मी म्हणतो, आधी जेवणाचं विचारा. तो वैतागून विचारतो, "ऊट आतेन्री?" म्हातारं माणूस मान खाली घालून म्हणतं, "आत्री."

मी दार अडवून उभा राहतो. "काय खाल्लं, ते विचारा. उत्तर मिळेपर्यंत पुढचा माणूस आत येणार नाही."