गुणांचा रकाना

उंबऱ्याशी आले की ते थांबायचे. उजव्या पायाचा अंगठा पुढे करून आधी खालची फरशी चाचपायचे, मग टाच टेकायचे. राजापेठेतल्या आमच्या छापखान्याला दारातून आत एकच पायरी होती, तीही वीतभर. तिच्यावरून ते दिवसातून वीस वेळा जायचे आणि वीसही वेळा अंगठा आधी. आम्ही चिडवायचो, "अहो, इथं काय विहीर आहे का?" ते म्हणायचे, "सवय हाये जी," आणि खिळ्यांच्या पेटीपुढे जाऊन उभे राहायचे.

ते आमच्या साप्ताहिकाचे कंपोझिटर. उंचेपुरे, तिवशाकडचे. शिशाचा एकेक खिळा उचलून ओळ जुळवायची, हे त्यांचं काम. मी शाळेत मास्तर, आणि साप्ताहिकात सिनेमांची परीक्षणं लिहायचो. फुकट पास मिळायचा, त्याबरोबर अक्कलही मिळाली असं मला वाटायचं. परीक्षणाचे दोन रकाने शेजारी शेजारी छापले जात. डावीकडे गुण, उजवीकडे दोष. माझा उजवा रकाना कायम तुडुंब. डावा वाचून ते मान वर करायचे.

"मास्तर, अन् चांगलं काय हाये त्यात?"

"काही नाही."

"असं कसं? एक रकाना उपाशी ठेवला का पान वाकडं दिसते. पाहा जरा आठवून."

मी कुरकुरत आठवायचो. दोन ओळी सापडायच्याच. एखाद्या म्हाताऱ्याचं काम, नाही तर ढोलकीचा ठेका. अमरावतीत मला जो थोडाफार समतोल लेखक म्हणत, तो समतोल माझा नव्हताच, त्यांचा होता.

साठ-एकसष्टच्या सुमारास तो सिनेमा आला. मुंबईत केव्हाच पडलेला, आमच्याकडे सहा-सात वर्षांनी पोचला. नाव सांगत नाही, सांगितलं तरी तुम्ही ऐकलेलं नसणार. अर्धा माणूस, अर्धी सुसर असा एक राक्षस पायऱ्यांच्या विहिरीत राहतो आणि राजाच्या गावातली माणसं ओढून नेतो. खर्चाला हात आखडलेला होता हे पहिल्याच रिळात कळलं. राणीच्या मनगटावर घड्याळ. राजवाड्याची भिंत वाऱ्यानं हलत होती. राक्षस म्हणजे रबराचं कातडं, आणि शेपटीची शिवण गोणीसारखी ढळढळीत दिसत होती. थेटर हसून लोळत होतं. मीही त्यातच.

घरी येऊन उजवा रकाना भरून काढला. डावीकडे एकच ओळ लिहिली, 'चित्रपट एकदाचा संपतो.' मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

त्यांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. नेहमीचा प्रश्न मात्र विचारला नाही.

"विहिरीतला सीन पाह्यला का, मास्तर?"

"पाहिला असेल. हसत होतो."

"त्या कातड्यात मी होतो."

मी हसलो. तुम्हीही हसला असता, म्हणून सांगतो. त्या काळी मुंबईला चार महिने राहून आलेला जो तो कुठल्या तरी हिरोचा दोस्त असायचा. हेही तरुणपणी तिकडे होते, एवढंच मी ऐकून होतो.

"मी कावून खोटं बोलू?" ते म्हणाले. "नाव नका लिवू. एवढंच लिवा का, पायऱ्या तो नीट उतरला. अन् ते बी पुन्हा पाहून लिवा. तसं नसन तं नका लिवू."

"मला दुसरी कामं आहेत," मी म्हणालो. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

त्यांनी तो मजकूर जुळवला. 'रबरी बोचकं' हा माझा शब्द होता, तोसुद्धा स्वतःच्या बोटांनी बसवला. प्रूफात काना-मात्रेची चूक नव्हती. फक्त डाव्या रकान्यात, माझ्या त्या एका ओळीखाली, त्यांनी कोरी जागा सोडली. मालक-संपादकांना तिथे केसांच्या तेलाची जाहिरात घालायची होती.

"ते रिकामं नाही जी," हे म्हणाले. "त्यातलं लिवाचं राह्यलं हाये."

"मग उद्यापासून तुम्हीही राहिलातच," मालक म्हणाले. सहा वर्षांच्या कामाचा एका वाक्यात निकाल. मी तिथेच उभा होतो. मालकांना ओरडून सांगायला हवं होतं की चूक माझी आहे, मला पुन्हा पाहू द्या. मी प्रूफ वाचण्याचं सोंग केलं. त्याची लाज आजही वाटते, आणि वाटायलाच हवी. त्यांनी शाईचे हात धुतले, अंगठ्यानं पायरी चाचपली आणि निघून गेले. त्या अंकात तेलाची जाहिरात झोकात छापली गेली.

दोन आठवड्यांनी बहिणीकडे अकोल्याला गेलो. आमच्याकडची तीच रिळं आता तिथे लागली होती. भाऊजींनी हौसेनं दुपारच्या खेळाला नेलं. खेळाआधी थेटरात वाजवतात ती गाणी संपली तरी आम्ही पोचलो नव्हतो, सुरुवात बुडाली. पण विहिरीचा प्रसंग सापडला. खाली पायरीवर एक चिमुरडी बसलेली, तिच्या वरच्या पायरीवर पितळी लोटा. राक्षस उतरू लागला. प्रत्येक पायरीला पंजाचं टोक आधी पुढे, मग टाच. लोट्याला टोक लागलं तसा तो थांबला, पाय उचलला आणि लोट्याच्या पलीकडे अलगद ठेवला. अकोल्याचं थेटर गप्प झालं. शेंगा फोडायचे आवाजसुद्धा थांबले. पायरी उतरायची ती तऱ्हा मी राजापेठेत रोज पाहत होतो.

मग पुढच्या खेळाचं तिकीट काढलं, सुरुवातीची नावं वाचायला, आणि विहिरीचा प्रसंग पुन्हा पाहूनच उठलो. केशभूषा करणारीचं नाव होतं. घोडा पुरवणाऱ्याचंही होतं. राक्षसाचं नव्हतं. अरे, ज्याचं चित्र भिंतीभिंतीवर चिकटवून तिकिटं विकता, त्याचंच नाव गाळता? घोड्याला मालक आहे आणि या माणसाला कुणी नाही? भाऊजी म्हणाले, सिनेमाच तो, एवढं काय तापायचं. मी त्यांच्याशीही भांडलो.

परत येऊन डावा रकाना नव्यानं लिहिला, काठोकाठ. मालक म्हणाले, "शिळ्या सिनेमाला ताजी जागा कुठून देऊ, मास्तर?" मी त्या दिवशी साप्ताहिक सोडलं. तेही उशिरा सुचलेलं शहाणपण. नव्या कंपोझिटरच्या हातापाया पडून एकच प्रूफ काढून घेतलं आणि तिवशाची एसटी धरली.

ते घराच्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होते. मी माफी मागितली. "जाऊ द्या जी," म्हणाले, "चहा घ्या आंधी."

त्या पायांबद्दल विचारलं. "मुखवट्याचे डोयाचे भोकं कपायावर होते. मले काईच दिसत नव्हतं. अन् ते पोरगी खरीच भेली होती. लोटा घरंगळला असता तं रडली असती बिचारी. म्हणून चाचपत उतरलो. बारा दिवस तेच केलं, पायाले सवय लागली."

"हे तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं?"

"सांगितलं होतं ना."

मी पिशवीतून प्रूफ काढून पुढे केलं. त्यांनी हात पुसून प्रूफ घेतलं, सावकाश वाचलं आणि मान वर केली.

"मास्तर, अन् दोष?"

उजवा रकाना मी मुद्दाम कोरा ठेवला होता. "दोष मी लिहिणार नाही," मी म्हणालो. "पुष्कळ लिहून झाले."

"पान वाकडं दिसते," ते म्हणाले. कानामागची पेन्सिल काढून त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'शेपटीची शिवण दिसते.' थोडा वेळ विहिरीत पाहावं तसं कागदाकडे पाहत राहिले. मग खाली आणखी एक ओळ लिहिली, 'तिसऱ्या पायरीवर पाय चुकला.'

आता ते नाहीत. सिनेमाही कुठे उरलेला नाही. उरला तो हा कागद, माझ्या कपाटात. तो प्रसंग मी तीनदा पाहिला होता. तिसऱ्या पायरीवरची चूक मला एकदाही दिसली नव्हती.