वरची महिरप

जयगडच्या महिपत सुताराकडे गेलेली वस्तू त्याच नावाने घरी परतली, असं कधी घडलं नाही. गंगारामची पाण्याचे हंडे ठेवायची घडवंची गेली ती वॉश-बेसिन होऊन आली. एकाच्या बैलगाडीच्या चाकाचं टीपॉय झालं, तेव्हा बैलांनी म्हणे तीन दिवस मालकाकडे पाठ केली. बंदरावरचे साहेब, रत्नागिरीचे फ्लॅटवाले, सगळ्यांना जुन्या सागाचं वेड. आणि महिपत लाकडावर नुसता तळवा फिरवून सांगायचा, हे दार होतं, हा पाट होता, आणि ह्या फळीवर कोणीतरी बांगडे कापलेत.

होळीनंतर त्याची बायको चिमा गेली. तेरावं झालं, माणसं पांगली आणि चौदाव्या दिवशी महिपत रंधा घेऊन बसला. रडला नाही. वाढलं की जेवायचा. काय जेवलास विचारलं तर ताटाकडे बघायचा. लोक म्हणाले, सावरला हो लवकर! सावरतोय कसला. दात काढल्यावर ओठ चावला तरी कळत नाही, तसं त्याचं सगळं अंग झालं होतं. हात तेवढे चालत होते.

मे महिन्यात रत्नागिरीचा विनीत टेम्पोतून एक मोडकं खोकं घेऊन आला. गावच्या बंद घराच्या माळ्यावर वीस वर्षं पडलेलं. म्हणाला, "काका, कपाटासारखं काहीतरी आहे. दाराजवळ चपला ठेवायला शू-रॅक करा."

"करतो," महिपत म्हणाला. वरची नक्षीची फळी उंचीला आड येत होती, ती कापून बाजूला टाकली. तळाला एक काळा गोल डाग होता, त्यावर चांगला दाबून रंधा मारला. आठवड्यात पॉलिश होऊन माल पोचलासुद्धा.

दोन दिवसांनी शेजारचा धाकू तंबाखू मागायला आला आणि भुशावर पडलेली ती फळी उचलून बघतच राहिला.

"महिपत, ही देवाची महिरप कोणाची रे?"

"कसली महिरप? कपाट होतं."

"कपाट तुझ्या आज्याचं! मधे कलश कोरलाय, दिसत नाय? मेल्या, डोळे काय बोटीत घालून दुबईला पाठवलेस?"

महिपतने फळीवरून तळवा फिरवला. कलश बोटांना लागला. तो काळा डाग निरांजनाचा होता. देव्हाऱ्याला करवत लावायची तर सुतार आधी नको म्हणतो, घरच्यांना विचारतो, नारळ ठेवायला लावतो. बापाने शिकवलेली पहिली गोष्ट ती. त्याने तशीच एसटी पकडली. चपला आत जायच्या आधी पोचायला हवं होतं.

पोचला तेव्हा दाराशी खालच्या कप्प्यात विनीतच्या मुलीचे शाळेचे बूट, वरच्यात त्याचे स्वतःचे. विनीत कामावर गेलेला. त्याची आई कमळा एकटीच घरी होती.

"वहिनी, चूक झाली. तो देव्हारा होता."

"ठाऊक आहे मला. माझ्या सासूबाईंचा."

महिपत कप्प्यांपाशी खाली बसला.

"मग बोलला नाहीत?"

"काय बोलू भावोजी? इथे जुनं डबडं ठेवायचं म्हटलं तरी वाद. पोराशी किती भांडू? म्हटलं, जाऊ दे जयगडला. महिपत भावोजी हात लावतील नि नको म्हणतील. तुम्ही नको म्हणालात की झालं."

ह्यावर माणसाने कोसळावं, निदान हात जोडावेत. महिपतला काही झालं नाही. तो कप्प्यांतले बूट काढून खाली ओळीने ठेवत गेला. वाईट वाटण्याची वाट बघत होता, ते काही येईना.

"परत होईल?" तिने विचारलं.

"फळ्या होतील, वहिनी. देव्हारा नाही होणार. मी तळ तासलाय."

"नि वरची महिरप? ती जाळलीत?"

"नाही. आहे."

कमळा त्याला स्वयंपाकघरात घेऊन गेली. फ्रीजच्या बाजूला भिंतीतल्या फळीवर तिचे देव होते, मागे कॅलेंडर. "इथे बसेल का?"

घाईत टेप घरीच राहिली होती. महिपतने हात धुतले, देवांना लागणार नाही असा पंजा फळीवर टेकवला आणि वीत मोजली. चुकली वाटून पुन्हा पहिल्यापासून मोजली.

"तीन वीत, चार बोटं," तो म्हणाला, आणि विसरू नये म्हणून जिना उतरताना तेच म्हणत गेला.