आपोआप, चार ते पाच

बस डेपोत बारा वर्षं गाड्यांची वेळापत्रकं आखलेली बाई पोरीला शाळेतून काढून घरी शिकवायला बसली, तर दुसरं काय होणार? भिंतीवर तक्ता लागला. आठ ते नऊ गणित, नऊ ते दहा वाचन. पण पोरीला आपणहून प्रश्न पडावेत, या हट्टापायीच तर तिनं नोकरी सोडली होती. म्हणून त्याचाही रकाना होता: चार ते पाच, ‘आपोआप’. नवरा घरातच शिंपीकाम करायचा. त्यानं तोंडातल्या टाचण्या काढून पोटभर हसून घेतलं.

गंमत म्हणजे रकाना चालला. चारच्या ठोक्याला पोरीला प्रश्न पडायचा आणि आईकडे उत्तर तयार असायचं. आई हवेत होती. मग तिच्या मनात पाल चुकचुकली. रोज मिनिटावर येणारी गाडी फक्त कागदावर असते, हे डेपोत मुरलेल्या बाईला कुणी सांगायला नको. त्यात बापलेक मशीनपाशी कुजबुजायचे आणि ती आली की गप्प. नक्की काहीतरी शिजत होतं.

गुरुवारी पोरगी आंघोळीला गेली, तशी आईनं मशीनखालचा चिंध्यांचा डबा उपसला. तळाशी वही. ‘सोमवार: मुंग्या रांगेत का चालतात? मंगळवार: समुद्र खारट का? बुधवार: जांभई का येते? गुरुवार: सावली लांब का होते? शुक्रवार: सुचत नाही, बाबांना विचारणे. आई खूश झाली की खूण करणे.’ तीन खुणा होत्या.

आईला रडूच कोसळलं. “तुम्हाला माहीत होतं हे?”

“अगं, घाबरते ती,” नवरा म्हणाला. “आपोआपमध्ये नापास होईन म्हणते.”

चार वाजले. “आई, सावली लांब का होते?”

उत्तर जिभेवर होतं. आईनं ते गिळलं. “मला नाही माहीत.”

पोरीनं आधी बापाकडे पाहिलं, मग डोळे बारीक करून आईकडे. “असं कसं? तुला तर रोज माहीत असतं.” मग हळूच, “आई, तू उत्तरं आधीच पाठ करून ठेवतेस का?”

मशीन थांबलं. आईचे कान तापले. हा प्रश्न वहीत नव्हता.

“हो,” ती म्हणाली. “पिठाच्या डब्यामागे मुलांच्या प्रश्नोत्तरांचं पुस्तक लपवलंय.”

पोरगी टुणकन उठली. “दाखव!”