पडद्याआडच्या निऱ्या

बाबारावांना पुस्तकातल्या भित्र्या माणसांचा फार राग येई. रायपूरच्या मराठी मंडळात महिन्यातून एकदा वाचनाची बैठक भरायची. कादंबरीतली एखादी नायिका लोकलाजेपायी गप्प राहिली की रेल्वेच्या मालगोदामातून निवृत्त झालेला हा गृहस्थ टेबलावर हात आपटून विचारायचा, "काहून नाही बोलली ती? लोक काय खाणार होते तिले?" मंडळी माना डोलवत. मागच्या खुर्चीवर बसलेली त्यांची बायको पद्मिनी मात्र पदर तोंडाशी नेऊन हसू दाबायची. कारण हेच बाबाराव दरवर्षी भादव्यात, महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, यायच्या दिवशी सकाळी, समता कॉलनीतल्या आपल्या घराचं दार आतून लावत, खिडक्यांचे पडदे ओढत आणि मग ज्येष्ठा-कनिष्ठांना साड्या नेसवायला बसत.

नेसवायचे मात्र असे की बघणाऱ्यानं बघत राहावं. लोखंडी धडाला ना कंबर ना खांदा, त्यावर नऊवारी ठरायचीच मुश्कील. पण बाबारावांच्या हातच्या निऱ्या विसर्जनापर्यंत जागच्या हलत नसत. हे त्यांना आईनं शिकवलं होतं. वर्ध्याच्या घरात सगळे भाऊच, बहीण एकही नाही. आईची पाठ धरायची, तिला वाकवत नसे, म्हणून धाकटा बाबा निऱ्या धरायला बसायचा, आणि धरता धरता घालायलाही लागला. मोठ्या भावांनी 'बायक्या' म्हणून चिडवायला सुरुवात केली तेव्हा आईच म्हणाली, "बाबा, हे घरातल्या घरात राहू दे रे." आईचा शब्द त्यांनी जन्मभर पाळला. मालगोदामात हमालांवर डाफरणाऱ्या, ट्रकवाल्यांना घाम फोडणाऱ्या माणसाच्या बोटांत हे असेल अशी शंका घ्यायला त्यांनी कुणाला जागाच ठेवली नाही.

पद्मिनीच्या माहेरी महालक्ष्म्या नव्हत्या. लग्न होऊन ती रायपूरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आली तेव्हा सासूबाई वारलेल्या होत्या आणि मुखवटे या धाकट्या लेकाकडे आलेले होते. पहिल्याच भादव्यात तिनं जीव तोडून साडी नेसवली, आणि साडी सरसर खाली आली. पुन्हा नेसवली, पुन्हा तेच. संध्याकाळी शेजारच्या बायका हळदीकुंकवाला येणार. सुनेला एवढंही येत नाही म्हणून तिला तर नावं ठेवतीलच, तिच्या आईलाही ठेवतील. ती भिंतीशी बसून रडायला लागली. बाबारावांनी एकवार तिच्याकडे पाहिलं, एकवार महालक्ष्म्यांकडे, आणि उठून दाराची कडी लावली.

संध्याकाळी बायकांनी तोंडात बोटं घातली. "नव्या सुनेच्या हाताले काय वळण आहे वं!" पद्मिनी खरं सांगायला तोंड उघडणार तोच बाहेरून नवऱ्याचा आवाज आला, "हव, तिले सवयच आहे त्याची!" तिनं तोंड मिटलं. तिला हे यायलाच हवं होतं, कारण ती बाई. त्यांना हे येताच कामा नये, कारण ते पुरुष. दोघांनी एकमेकांची लाज झाकली आणि संसार सुरू झाला.

पुढं छत्तीसगड झालं, रायपूर राजधानी झालं. नागपूर-अमरावतीकडून नवी बिऱ्हाडं आली. मंत्रालय नवा रायपूरला गेलं, तिथल्या रुंद, ओसाड रस्त्यांच्या कडेच्या क्वार्टरांतसुद्धा पद्मिनीच्या हाताचं नाव पोचलं. बोलावणी यायची. "आमच्याच महालक्ष्म्या असतात ना त्या दिवशी," म्हणून ती सुटका करून घ्यायची. प्रत्येक कौतुक तिला टोचायचं. ज्यांचं कौतुक व्हायला हवं ते बाहेर पेपर वाचत बसलेले असायचे. ती स्वतः शिकली असती तर प्रश्न मिटला असता, पण बंद दाराआड साडीला हात लावताना त्यांचा चेहरा असा काही निवायचा की ते सुख काढून घेणं तिच्या जिवावर यायचं. पिना देण्यापलीकडं तिनं कधी मजल मारली नाही.

आणि मग मंडळाच्या महिला विभागाच्या मायाताईंच्या डोक्यात एक कल्पना आली. नव्या सुनांना महालक्ष्म्या नेसवायला शिकवायचं, भर सभागृहात, आणि शिकवणार कोण तर पद्मिनीताई. त्या परस्पर जाहीर करून मोकळ्या झाल्या.

"आता?" पद्मिनीनं घरी येऊन विचारलं.

"आता काय? हात मुरगळला म्हणून सांग." बाबारावांनी स्वतः तिच्या मनगटाला पट्टी बांधली. पट्टीलाही इतक्या सुरेख घड्या पडल्या की पद्मिनीला त्या परिस्थितीतही हसू आलं.

मायाताई हार जाणाऱ्यांतल्या नव्हत्या. "हात दुखते ना? तोंड तर चालते. तुम्ही फक्त सांगा, ही राधिका करेल." राधिका नवा रायपूरहून आलेली, लग्नाला वर्षही न झालेली पोर. कार्यक्रमाच्या दिवशी मंचावर एक लोखंडी धड उभं केलेलं होतं आणि राधिकेची सासू पहिल्याच रांगेत बसली होती. पुरुषमंडळी चहाचे कप घेऊन दाराशी जमली होती आणि त्यांच्यात बाबारावही होते.

"आंटी, पहले क्या करूँ?" राधिकेनं हळूच विचारलं. तिला मराठी कळायचं, पण उत्तर हिंदीतच यायचं.

पद्मिनीनं आठवेल तसं सांगितलं. नाडा बांध, निऱ्या घाल, खोच. राधिकेनं खोचलं आणि साडी सरसर खाली आली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मागून कुणीतरी पुटपुटलं, "माहेरी काहीच शिकवलं नाही वाटते." पहिल्या रांगेतल्या सासूनं मान खाली घातली. राधिकेच्या डोळ्यांत पाणी आलं.

रेल्वे क्वार्टरमध्ये भिंतीशी बसून रडणारी पद्मिनीच जणू समोर उभी होती. फरक इतकाच की या पोरीसाठी दाराची कडी लावायला कुणी उठणार नव्हतं. खरं सांगितलं तर नवऱ्याचं हसं होणार, आणि तेही ज्यांच्यासमोर ते टेबलावर हात आपटतात त्यांच्यासमोर. नाही सांगितलं तर आपल्या खोट्याची शिक्षा ही पोर भोगणार.

तिनं मनगटाची पट्टी सोडायला घेतली. "पोरीचं काही चुकलं नाही. मीच चुकीचं सांगून राहिली. मले हे येत नाही. कधीच आलं नाही." तिनं दाराकडे पाहिलं. "अहो, जरा आत या ना."

बाबारावांचे जुने दोस्त शंकरराव मोठ्यानं हसले, "काय बाबाराव, साड्या नेसवता काय तुम्ही?" दोन-चार जण आणखी हसले. बाबाराव जागचे हलले नाहीत. ते आल्या पावली वळून चालते होतील असं पद्मिनीला क्षणभर खरंच वाटलं.

बाबारावांनी राधिकेकडे पाहिलं. मग कप खिडकीत ठेवला, बाहेरच्या नळावर हात धुतले, ओले हात रुमालाला पुसत मंचावर आले आणि तिच्याशेजारी खाली बसले.

"नाडा ढिला आहे, पोरी. गोदामात ताडपत्री बांधतो तसा आवळ. हं. आता निऱ्या चार बोटांच्या, जास्त नाही. घाई करू नको, कुठं गाडी सुटून राहिली आहे?" राधिका डोळे पुसत हसली. त्यांची बोटं भराभर चालायला लागली, आणि बघता बघता त्या लोखंडी धडाला डौल आला. आपल्याकडे कोण बघतंय याची त्यांना शुद्धच राहिली नव्हती. मग त्यांनी सगळं सोडून टाकलं आणि राधिकेकडून पुन्हा करवून घेतलं. या वेळी साडी ठरली. पहिल्या रांगेतली सासू उठून पुढं आली आणि म्हणाली, "भाऊजी, मलेही नीट येत नाही हो. एकदा दाखवता?"

शंकररावांचं हसणं कधी थांबलं ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

महालक्ष्म्या यायच्या दिवशी सकाळी पद्मिनीनं सवयीनं पडद्याला हात घातला.

"राहू दे उघडा," बाबाराव म्हणाले. त्यांनी साडीचं एक टोक तिच्या हातात दिलं. "धर. मीही असाच धरायचो."

तिनं धरलं. मंडळातल्या त्या दिवसापासून मनात राहिलेलं तिनं विचारून टाकलं, "माह्यावर रागावले नाही ना? चारचौघांत तुम्हाले उघडं पाडलं."

त्यांनी पुढची निरी घातली. "तुह्यावर कायचा राग? आईचं एवढंच माह्यापाशी उरलं होतं. तू नाव दिलं तुहं, म्हणून इतकी वर्षं मले ते करता आलं. दुसरी असती तर पहिल्याच वर्षी हसली असती."

"आणि तुम्ही नसते तर माह्या आईले नावं ठेवली असती लोकांनी," पद्मिनी म्हणाली. हे आभार इतकी वर्षं राहून गेले होते.

तेवढ्यात बेल वाजली. मायाताई आणि मागं तीन-चार बायका असाव्यात, बोलण्यावरून कळत होतं. बाबाराव सवयीनं उठले, पेपर घेऊन बाहेर जाऊन बसायला. दोन पावलं गेले, थांबले, आणि परत येऊन महालक्ष्मीसमोर मांडी घालून बसले.

"दार उघड," ते म्हणाले, आणि त्यांनी पिना तोंडात धरल्या.