संध्या तायडेचं टेम्प्लेट

संध्या तायडे मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही, आणि हे मी कधी लपवलंही नाही. अमरावतीच्या आमच्या कंपनीत मी बावीस वर्षांपासून सर्व्हर सांभाळतो. अकोला जिल्ह्यातल्या अकरा जिनिंगचे, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यांचे, वजनकाटे आमच्या सिस्टिमवर चालतात. कापसाची गाडी काट्यावर चढली की वजन आमच्याकडे येतं, पावती निघते, मगच पुढचं फाटक उघडतं. कुठं काही अडलं की फोन मला. मी थेट मशीनमध्ये शिरायचो, चार ओळी लिहायचो, काटा चालू. लिहून ठेवायची गरज पडली नाही. सगळं डोक्यात होतं, आणि डोकं माझं होतं.

ही पोरगी सव्वीस वर्षांची, माझ्याच गावची, तेल्हाऱ्याची. तिचा बाप श्रावण तिथल्या शाळेत शिपाई होता, मोजकं बोलणारा माणूस. पोरगी बापावर गेली नव्हती. आल्याच्या तिसऱ्या दिवशी तिनं मला शिकवायला घेतलं. आमच्या मशीन आता क्लाउडवर, म्हणजे दूर कुठंतरी भाड्यानं घेतलेल्या. त्या हातानं कशाला उभ्या करायच्या, असं तिचं म्हणणं.

"काका, काय काय पायजे ते एका फाइलीत लिवाचं. आधी नेटवर्क, मंग डेटाबेस, मंग मशीन. कोनाच्या आधी कोन, ते क्लाउड सोताच पाह्यते. मधात फसलं तर सारं पयल्यासारखं करून ठेवते. जिनिंगचं नाव बदललं का त्याच फाइलीतून दुसरं उभं."

त्या फाइलीला ती टेम्प्लेट म्हणायची. मी म्हटलं, स्वयंपाक न करता नुसती पाककृती वाचून पोट भरते का? बाकीचे हसले. ती हसली नाही.

आमच्या नितेशसाहेबांनी तिला डिसेंबरपर्यंत मुदत दिली. अकराही काटे टेम्प्लेटवर आणायचे, भर हंगामात एकही काटा तासभरसुद्धा बंद पडता कामा नये. जमलं तर नोकरी पक्की, नाहीतर घरी. माझी इच्छा काय होती ते सरळ सांगतो. ती घरी जावी.

पहिला नंबर तेल्हाऱ्याच्या काट्याचा होता, सोमवारी. आदल्या शनिवारी तिनं फाइलीत लिहिलेलं आणि प्रत्यक्षात असलेलं ताडून पाहिलं, आणि माझ्या टेबलाशी आली.

"काका, तेल्हाऱ्याच्या मशीनले आतून तुमी काही हात लावला काय? चेकिंगमंधी बाहेरचं दिसते, पोटातलं दिसत नाई. सोमवारी जुनी मशीन जाईन अन् नवी येईन. आत लिवलेलं सारं जाईन."

लावला होता. तेल्हाऱ्याचा काटा जुना, वजनाचे आकडे उलटसुलट पाठवायचा, सिस्टिमला ते कळायचे नाहीत आणि वजन शून्य दिसायचं. ते आकडे सरळ करणारा चाळीस ओळींचा प्रोग्रॅम मी तीन वर्षांपूर्वी त्या मशीनमध्ये बसवला होता. हे सांगितलं असतं तर तिनं त्या ओळी फाइलीत टाकल्या असत्या. मग माझ्याजवळ काय उरलं असतं?

"नाई लावला," मी म्हणालो.

"मंग झालं. तुमी आपल्या गावचे, तुमी म्हनता म्हनजे नाईच लावला असन." असं म्हणून ती गेली.

सोमवारी दहा वाजता तिनं काम सुरू केलं. स्क्रीनवर सगळं हिरवं. क्लाउडच्या हिशेबानं काहीच फसलं नव्हतं. वीस मिनिटांत जिनिंगच्या महादेवरावांचा फोन आला, "काटा शून्य दाखवून राह्यला. गाड्यायची रांग रोडवर गेली!"

तिनं लगेच जुन्या मशीनप्रमाणे लिहिलेलं आधीचं टेम्प्लेट लावलं. मशीन पुन्हा उभी राहिली आणि पुन्हा शून्य. माझा प्रोग्रॅम फाइलीत नव्हताच, तर परत येणार कुठून? नितेशसाहेब सगळ्यांसमोर तिच्यावर खेकसले. "रामरावांनी बावीस वर्षं असं होऊ दिलं नाही!" मी चहा पीत होतो. प्रोग्रॅमची एक प्रत माझ्या पेनड्राइव्हमध्ये होती. तास भरू द्यायचा, तिची नोकरी बुडू द्यायची, मग उठायचं, एवढं मी ठरवलं होतं. मला मजा येत होती.

पण या पोरीनं टेम्प्लेटमध्ये एक ओळ आधीच लिहून ठेवली होती. जुनी मशीन मोडण्याआधी तिच्या डिस्कची नक्कल काढून ठेवायची. ती नक्कल तिनं उघडली. दहा मिनिटं ती चाळत राहिली. मग स्क्रीन साहेबांकडे फिरवली. चाळीस ओळी, आणि वर मीच मोठ्या हौसेनं घातलेलं माझं नाव आणि तारीख.

"मी यायले इचारलं होतं," माझ्याकडे बोट दाखवून ती एवढंच म्हणाली. त्या ओळी तिनं फाइलीत घातल्या आणि मशीन परत उभी केली. फाटक उघडलं तेव्हा अकराला पाच कमी होते.

साहेबांनी मला तिथल्या तिथं नोकरी सोडून जायला सांगितलं. तिनं अडवलं. मला वाटलं, गावची पोरगी, दया आली असेल.

"यायले आता काढू नका, सर. बाकीच्या धा मशीनमंधी काय काय करून ठेवलं ते कोन सांगन?"

दोन महिने मी तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो आणि बावीस वर्षं ओकत गेलो. मी सांगायचो, ती लिहायची. मध्ये एकदाही "कावून", म्हणजे असं का केलं, म्हणाली नाही. माझा पासवर्ड त्याच आठवड्यात बंद झाला. तिची नोकरी पक्की झाली. माझीही राहिली, साहेब म्हणतात, वयाकडे पाहून.

आता दर रविवारी, जिनिंग बंद असतात तेव्हा, ती अकराही मशीन मोडते आणि फाइलीवरून नव्या उभ्या करते. आत कोणी गुपचूप काही लिहिलं असेल तर ते जातं. कोणी लिहिलं, हे ती कोणालाच विचारत नाही.

मागच्या रविवारी मी मुद्दाम गेलो. म्हटलं, "संध्या, मोडाच्या आधी इचारून तरी पाह्य ना. मी आता खोटं नाई सांगत."

"सरका, काका," ती म्हणाली. तिनं बटण दाबलं.