ज्याचा नंबर त्याचा दोर

अक्कांच्या लॉजवर उतरायला आलेल्या माणसाला त्या नाव विचारायच्या आधी एकच गोष्ट विचारायच्या, "आंगुळीला किती पानी लागतंय तुमाला?" खोली मिळणार की नाही, ते उत्तरावर ठरायचं. एक बादली म्हणणाऱ्याला किल्ली मिळायची. दोन बादल्या म्हणणाऱ्याला अक्का गंजगोलाईच्या, म्हणजे सोळा रस्ते फुटणाऱ्या गोल बाजाराच्या, पलीकडच्या दुसऱ्या लॉजचा रस्ता सांगायच्या, तोही इतक्या आदरानं की माणूस वर आभार मानून जायचा. मी पडलो नांदेडचा, गोदावरीत डुंबून वाढलेला. म्हणालो, "कधी मोजलं नाही बुवा." अक्कांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मंग आता मोजायला शिका, भाऊसाब," असं म्हणत किल्ली पुढे केली. पुढचे सात महिने मी त्यांच्याकडेच राहिलो.

लातूर जिल्हा तेव्हा नवाकोरा होता. कचेऱ्या भाड्याच्या इमारतींत, फायली गोणपाटात, आणि कारकून इकडून तिकडून उचलून आणलेले. त्या उचललेल्यांतला मी एक. घर मिळेपर्यंत लॉजवर राहा असं सांगितलं होतं, आणि घर काही मिळत नव्हतं. अक्कांचं लॉज गोलाईच्या मागच्या गल्लीत. बाहेर नाव नव्हतं, 'उतरण्याची सोय' एवढीच पाटी. मध्ये फरसबंद चौक, चौकात आड, आणि चारी बाजूंनी वरखाली मिळून आठ खोल्या. गोलाईत हमालांची हाळी, बैलगाड्या, तुरीच्या पोत्यांची धूळ, सगळा गलका. पण अक्कांचा दरवाजा ओलांडला की आवाज आपोआप खाली यायचा. कोणी जिन्यावरून ओरडला तर त्या म्हणायच्या, "लोकं हितं झोपायला येतेत. भाषण द्यायचं आसंल तर गोलाईत जावा, सोळा रस्त्यांनी ऐकू जाईल."

उतरणाऱ्यांत फिरते विक्रेते असत, परीक्षेला आलेले मास्तर असत, आणि कधीमधी औशाचा किल्ला नाहीतर खरोशाची लेणी बघायला निघालेला एखादा हौशी माणूस असे. अशा माणसाला अक्का मुद्दाम थांबवायच्या. "किल्ल्यात गेलाव की आधी हिरी बघा. भिंती काय, कुनीबी बांधतंय." एकदा पुण्याचे एक प्राध्यापक हसले. अक्का म्हणाल्या, "हसा. पन ज्यांनी भिंती बांधल्या ते गेले, आन हिरीत आजून पानी हाय." प्राध्यापक संध्याकाळी परत आले ते वहीत विहिरीचं चित्र काढून. तेव्हापासून मीही कुठल्या जुन्या जागी गेलो की बुरूज सोडून आधी पाणी कुठं आहे ते शोधतो. बायको म्हणते, खूळ आहे. असू दे.

अक्का लिंगायत, नवरा जाऊन दहा-बारा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. गळ्यात लिंग, कपाळावर भस्म, अंगावर कायम खणाची चोळी. रोज पहाटे आंघोळ झाल्याशिवाय लिंगपूजा करायची नाही हा त्यांचा नेम. मी यायच्या आदल्या साली पाऊस पहिल्यांदा चुकला तेव्हा त्यांनी नेम सोडला नाही, पाणी सोडलं. एक तांब्या अंगावर, ओंजळभर पूजेला. उरलेलं सगळं गल्लीचं. आडावर सकाळी रांग लागायची, घरटी दोन घागरी, आणि शेंदायला दोर एकच. रांगेत बागवानांच्या बायका, शिंपिणी, वडारणी, पलीकडच्या वस्तीतल्या बौद्ध बाया, सगळ्या एकामागे एक. अक्कांचं एकच म्हणणं, "ज्याचा नंबर त्याचा दोर."

ते सगळ्यांना पचलं नव्हतं. उदगीरहून त्यांचे दीर आले होते. ओसरीवर बसून रांगेकडे बघत म्हणाले, "वैनी, आड आपला हाय. कुनाकुनाचे हात लागायलेत दोराला, दिसंना झालंय का?" अक्का जोंधळे निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दिसायलंय की. गळ्यात लिंग बांधलंय ते काय डागिना म्हनून? पानी पायजे आसंल तर रांगंत ऱ्हावा, भावजी. उपदेश द्यायचा आसंल तर उदगीरला द्या." दीर जेवून गेले, पण पुन्हा फारसे आले नाहीत. अक्कांना त्याचं दुःख झालं असेल, मला नाही ठाऊक. त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही.

दुसरं वर्षही कोरडं गेलं आणि मला कचेरीत टंचाईच्या टेबलावर बसवलं. काम काय, तर विहिरी ताब्यात घ्यायच्या नोटिसा भरायच्या. नमुना छापील होता. मालकाचं नाव, जागेचा नंबर, तारीख एवढ्याच जागा रिकाम्या. खालचा मजकूर ठरलेला: 'सदर विहीर सध्या कोणाच्याही वापरात नसल्याने ती सार्वजनिक हितासाठी ताब्यात घेण्यात येत आहे.' एका दिवसात मी तीसेक नोटिसा भरल्या. हात चालत होता, डोकं बंद होतं. त्यांतली एक अक्कांच्या आडाची होती, आणि दप्तरात नाव त्यांच्या मेलेल्या नवऱ्याचं असल्यामुळे मला पत्ताच लागला नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांनी नोटिसा वाटायला दिल्या तेव्हा सोबतच्या यादीत गल्लीचं नाव वाचलं आणि आड कोणाचा ते कळलं. पाणी कुठं जाणार होतं तेही मला माहीत होतं. अधिकाऱ्यांच्या नव्या वसाहतीला.

मी नोटीस घेऊन चौकात उभा राहिलो तेव्हा अक्का आडापाशीच होत्या आणि रांगेत अजून अठरा-वीस बायका होत्या. म्हणाल्या, "वाचा." मी वाचली. "ते मदलं परत वाचा." मी परत वाचलं, 'कोणाच्याही वापरात नसल्याने'. अक्का अगदी शांतपणे म्हणाल्या, "सकाळी कशानं आंगुळ केलाव, भाऊसाब?"

मी म्हणालो, "अक्का, तो छापील नमुना आहे. सगळ्यांना तोच जातो."

"छापून लिवलं म्हंजी खोटं ऱ्हात न्हाई का?"

अक्कांनी नोटीस हातात घ्यायला नकार दिला. "न्हाई घेतली तर काय करताव?" मी सांगितलं की मग दाराला चिकटवावी लागते. "चिकटवा की मंग. खळ हाय का?" खळ नव्हती. तर ही बाई उठली, चुलीवर वाटीभर पाण्यात कणीक शिजवून खळ केली आणि माझ्या हातात दिली. मी ज्या घरात झोपत होतो त्याच घराच्या दाराला, त्याच घरच्या खळीनं, मी स्वतःच्या अक्षरातली खोटी नोटीस चिकटवली आणि जिना चढून खोलीत जाऊन बसलो. लाज वाटली. तोंड लपवायला जागा शोधावी अशी लाज. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी बादली नेहमीपेक्षा कमी भरलेली होती. अक्का म्हणाल्या, "वाटीभर खळीत गेलं. सरकारचं काम हुतं, सरकारच्या मानसाकडूनच वजा केलं."

तिसऱ्या दिवशी टँकर आला. मागे जीपमधून साहेब, सोबत पंचनामा लिहायला मी. टँकरवाल्यानं पाइप आणि मोटर उतरवली. सकाळची वेळ, रांग गल्लीच्या तोंडापर्यंत गेलेली. अक्का आडाच्या कठड्यावर बसलेल्या. त्यांनी टँकरवाल्याला विचारलं, "घागर आनलाव का?" तो बावळटासारखा साहेबांकडे बघायला लागला.

"बाई, हे सरकारी काम आहे," साहेब म्हणाले.

"कळतंय की. सरकारलाबी तहान लागलीय. म्हनून तर मी न्हाई म्हनत न्हाई. नंबर लावा. घरटी दोन घागरी. तुमच्या म्होरं ह्या समद्या हायेत."

साहेबांनी कायदा सांगितला. अक्कांनी ऐकून घेतला, मध्ये एकदाही बोलल्या नाहीत. कायदा संपल्यावर म्हणाल्या, "झालं? मंग आता रांगंत ऱ्हावा." रांगेतली एक बागवानीण आपली घागर थोडी पुढे सरकवून म्हणाली, "साहब, मेरे पीछे आओ." कोणी हसलं नाही. पाइप टाकायचा तर आडाच्या तोंडावर अक्का बसलेल्या, आणि रांगेतली एकही बाई जागची हलत नव्हती. पोलीस बोलवावेत तर कोणावर? पाणी भरणाऱ्या बायांवर? साहेब माझ्याकडे वळले. "पंचनामा लिहा. विहीर वापरात नाही, मालकिणीनं अडथळा केला."

मी कागद गुडघ्यावर घेतला. नोकरी नवी, घरी म्हातारे आईवडील, धाकट्या बहिणीचं लग्न ठरायचं. पण समोर ती रांग होती. मी लिहिलं: 'सदर विहीर वापरात आहे. पाहणीच्या वेळी सत्तेचाळीस कुटुंबे पाण्यासाठी रांगेत होती. मालकिणीने टँकरला पाणी नाकारले नाही, रांगेत क्रमांक देऊ केला. प्रस्तुत कारकून गेले सहा महिने याच पाण्याने आंघोळ करीत आहे.' गल्लीतल्या शिंप्यानं आणि एका बागवानानं पंच म्हणून सह्या केल्या. साहेबांनी वाचलं आणि विचारलं, "हे शेवटचं वाक्य कशाला?" मी म्हणालो, "पाहिलं ते लिहिलं, साहेब. ते तर रोज पाहतो." टँकर रिकामाच गेला. नोटिशीचा सगळा डोलारा 'वापरात नाही' या शब्दांवर उभा होता. पंचनाम्यानं तोच काढून घेतल्यावर वरून नोटीस रद्द झाली. आणि मला टंचाईच्या टेबलावरून उचलून जुन्या कागदांच्या खोलीत टाकलं, जिथे सबंध दिवस धूळ आणि कसर यांच्याशिवाय कोणी भेटत नसे.

मला वाटलं, आता अक्का निदान दोन शब्द बोलतील. नाहीच. महिन्याभरात आडाचं पाणी तळाला गेलं. दोर पुरेना म्हणून त्याला दुसरा दोर जोडला. एका सकाळी अक्कांनी सगळ्या उतारूंना चौकात बोलावलं आणि सांगितलं, "खोल्या खाली करा. आठ खोल्यांच्या आठ बादल्या म्हंजी आठ घरांचं पानी." लॉज हीच त्यांची रोजीरोटी होती, दुसरं काही नव्हतं. कोणीतरी तसं म्हणालंही. त्यावर अक्का म्हणाल्या, "लॉज काय, पाऊस पडला की परत उघडंल. मानसं परत उघडत न्हाईत." त्यांनी स्वतःच्या हातानं 'उतरण्याची सोय' ही पाटी उतरवली आणि भिंतीला टेकून ठेवली.

मी थोडा रागातच होतो. म्हणालो, "अक्का, मी कुठं जाऊ?" त्या म्हणाल्या, "तुमी सरकारी मानूस. तुमाला कुटंबी कुनीतरी पानी दील. ह्येनला कोन दील?" मी ट्रंक उचलली आणि मागच्याच बोळात शिंप्याच्या पत्र्याच्या खोलीत राहायला गेलो.

पुढे पाऊस पडला, लॉज उघडलं, माझी बदली झाली. नांदेड, अर्धापूर, पुन्हा नांदेड. जिथे गेलो तिथे विहिरीच्या कागदावर सही करायच्या आधी स्वतः विहिरीवर जाऊन उभा राहिलो, आणि त्यापायी बढती दोनदा हुकली. हुकू दे. अक्का गेल्या तेव्हा मला चार दिवस उशिरा कळलं. जाऊन पोचलो नाही याचं वाईट वाटतं, फार वाटतं. पण मला त्या आठवतात त्या मी लॉज सोडल्याच्या दुसऱ्या दिवशीच्या.

त्या सकाळी मी बाजारातून नवी घागर घेऊन आडावर गेलो. सवयीनं थेट कठड्यापाशी. अक्कांनी घागरीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मागं जावा, भाऊसाब. शिंपिनीच्या मागं."

मग मात्र माझा तोल गेला. सगळ्या बायांदेखत मी म्हणालो, "अक्का, तुमच्यासाठी मी माझं टेबल घालवलं. तुमच्यासाठी तो पंचनामा लिहिला. आणि मला मागं पाठवताय?"

अक्कांनी हातातला दोर पुढच्या बाईला दिला आणि माझ्याकडे पूर्ण वळल्या. "माज्यासाटी लिवलाव? मंग चुकलाव तुमी. मला वाटलं, खरं हुतं म्हनून लिवलाव." त्यांचा आवाज जरा उतरला. "खरं बोलल्याचं बक्षीस न्हाई मिळत, भाऊसाब. मागितलं की ते खरं ऱ्हात न्हाई. जावा, मागं ऱ्हावा."

मी मागे गेलो. माझ्यापुढे बावन्न घागरी होत्या. पाणी खोल गेलेलं, दोर हळू यायचा, आणि माझा नंबर लागेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. कचेरीत पोचलो तेव्हा साहेब दारातच उभे. सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, उशीर का झाला. मी ताठ उभा राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "अक्कांच्या आडावर नंबराला होतो, साहेब. उद्याही उशीर होईल."